पिल्लांचे पहिले एकवीस दिवस



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना आणि आकाशातील ग्रह यांवर व्याख्याने व्हावयाची, तेथे हा गृहस्थ कोंबडीच्या पिल्लांवर तासभर काय बोलणार? मी आपल्याला दोष देत नाही. कोंबडी हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, नाही तर जेवणाचा. परंतु आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत कोंबडी ही आणखी एक गोष्ट आहे. ती घरातील बाईची थैली आहे. शेत बहुधा नवऱ्याच्या नावावर असते, कपाशीचा पैसा कर्जात आणि दुकानदाराच्या वहीत जातो. अंड्यांचा आणि तलंगांचा पैसा मात्र बाईच्या हातात राहतो. मीठमिरची, पोराची वही, माहेरी जाण्याचे एस. टी.चे भाडे, हे सारे त्यातून निघते. बारा पिल्ले निघाली आणि दोन महिन्यांनी चार उरली, तर ही थैली दोनतृतीयांश रिकामी झाली असा त्याचा अर्थ. असे दर वर्षी घडते आणि “पिल्लं मरतातच” असे म्हणून आपण पुढे जातो. हे “मरतातच” कितपत खरे आहे, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

माझे आजोळ रोहिणखेड. मोताळा तालुक्यातील हे गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक असते ते दोन लढायांमुळे. १४३७ साली बहामनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखानाचा येथे मोड केला, आणि १५९० साली निजामशाहीच्या गादीच्या भांडणात येथेच पुन्हा रणकंदन झाले. खुदावंदखानाने १५८२ साली बांधलेली मशीद तेथे आहे. मला मात्र रोहिणखेड म्हटले की आजीचे परसू आठवते, आणि त्या परसात मी केलेली एक हत्या आठवते.

आजीची एक काळी कोंबडी खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसली होती. एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला बारीक भोक पडले आणि आतून चिवचिव ऐकू येऊ लागली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. दुपारपर्यंत वाट पाहिली. भोक तेवढेच राहिले. आजी म्हणाली, “त्याले हात नको लावू, पोरा. त्याचं त्याले फोडू दे.” ती पाण्याला गेल्याबरोबर मी नखाने कवच सोलून पिल्लाला बाहेर काढले. कवचाच्या आतल्या पापुद्र्यातून रक्त आले. पिल्लू अर्ध्या तासाने मेले. आजीने मला मारले नाही. ती फक्त म्हणाली, “घाई केलीस.”

त्या घाईने नेमके काय बिघडले, हे मला फार वर्षांनी पुस्तकांतून कळले. अंड्यात असताना पिल्लू फुप्फुसाने श्वास घेत नाही. कवचाच्या आतील पापुद्र्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा ते जाळे शोषून घेते. शेवटच्या दोन दिवसांत दोन मोठ्या गोष्टी घडतात. उरलेला पिवळा बलक बेंबीच्या वाटेने पिल्लाच्या पोटात ओढला जातो. आणि पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला खरा श्वास घेते. मग ते चोचीवरील टणक टोकाने कवचाला भोक पाडते आणि थांबते. हे थांबणे आपल्याला दमल्यासारखे वाटते, परंतु आत काम चाललेले असते. पापुद्र्यातील रक्त हळूहळू शरीरात परत येत असते, बेंबी मिटत असते. यास बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. ते झाले की पिल्लू अंड्यात गोल फिरत कवचाला कातर घेते आणि बाहेर येते. मी पापुद्रा फाडला तेव्हा त्याचे रक्त अजून बाहेरच होते.

पोटात ओढलेला हा बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. तिच्या बळावर ते दोन, कधी तीन दिवस अन्नपाण्यावाचून जगू शकते. ही सोय निसर्गाने आपल्यासाठी केलेली नाही. सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. पहिल्या पिल्लाला शेवटच्या भावंडाची वाट पाहत आईखाली बसून राहता यावे, यासाठी ती आहे. माणसाने मात्र तिचा वेगळाच उपयोग करून घेतला. अमेरिकेत १८९२ साली एका उबवणी करणाऱ्याने एक दिवसाची पिल्ले खोक्यांत घालून आगगाडीने पाठविली आणि ती जिवंत पोहोचली. १९१८ पासून तेथील टपालखातेच ती नेऊ लागले. आपल्याकडे पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, तो सारा व्यवसाय या दोन दिवसांच्या शिदोरीवर उभा आहे. गिरिराज आणि वनराज या परसातल्या जातींची पिल्लेही अशीच, पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यांतून आपल्या गावापर्यंत येतात.

आपली अडचण येथेच सुरू होते. खोक्यातून पिल्लू येते, त्याची आई येत नाही.

आई काय करते हे एकदा नीट पाहावे. ती पिल्लांना पंखांखाली घेते. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. देह लहान, त्या मानाने त्वचा फार, आणि अंगावर पिसे नाहीत, नुसती लव. दोन-तीन आठवड्यांनी पिसे फुटू लागतात आणि आतली शेगडी पेटते. तोवर ते उसन्या उबेवर जगते. शिवाय आई दाणा दाखविते, पाण्याकडे नेते, घार दिसली की वेगळ्या आवाजात ओरडते आणि सारी पिल्ले दडपून बसतात. खोक्यातील पन्नास पिल्लांची आई आपल्याला व्हावयाचे आहे. पुस्तकी मराठीत कृत्रिम उबेच्या साधनाला “कृत्रिम दायी” म्हणतात. शब्द जड आहे, पण चुकीचा नाही.

या दायीसाठी मोठा खर्च लागत नाही. जाड पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. गोलच करावे, कारण कोपरा असला की पिल्ले तेथे एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. जमिनीवर दोन-तीन बोटे जाडीचे कोरडे अंथरूण हवे. कोकणात आणि भंडाऱ्याकडे भाताचे तूस मिळते. आपल्याकडे लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले चालतात. कुटार वापरायचे तर धूळ चाळून घ्यावी. पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट पसरावे. पुष्कळ लोक गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरतात. त्यावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि काही कायमची फेंगडी होतात. मध्यभागी दीड फुटावर दिवा टांगावा. दर पिल्लामागे दोन वॅट, हा जुना ठोकताळा आहे. पण येथे एक नवी फसगत सांगतो. तो ठोकताळा तारेच्या पिवळ्या दिव्याचा आहे. आताचे पांढरे एल. ई. डी. दिवे प्रकाश देतात, ऊब देत नाहीत. एका हुशार तरुणाने त्याच्या पिल्लांवर असे चार दिवे लावले होते. पिल्ले लख्ख उजेडात गारठून मेली.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीशी सुमारे ३५ अंश ऊब असावी आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवीत जावे. उष्णतामापक असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. पिल्ले स्वतःच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून करुण स्वरात ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून, चोच उघडून, पंख सैल टाकून धापा टाकीत असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. आणि इकडेतिकडे विखरून, दाणे टिपीत, मधूनमधून आडवी पडून झोपत असतील तर आपण निर्धास्त जेवायला जावे. वीज नसेल तेथे कोळशाची शेगडी ठेवतात, ती पत्र्याच्या झाकणाखाली आणि खोलीत हवा खेळती ठेवूनच. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू कोंडतो. त्याचा वास येत नाही. त्याने पिल्ले मरतात आणि जवळ निजलेली माणसेही मरतात.

पिल्ले आली की आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट असावे. प्रवासाने थकली असतील तर पहिल्या काही तासांपुरता त्यात थोडा गूळ विरघळवावा. दोन-चार पिल्लांची चोच हलकेच पाण्यात बुडवावी. ती प्याली की बाकीची बघून शिकतात. भांडे उथळ घ्यावे आणि त्यात खडे घालावे, नाही तर पिल्ले त्यातच बुडतात. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा गोणपाटावर शिंपडावा. त्याचा टपटप आवाज म्हणजे आईची चोच. संध्याकाळी हाताने चारसहा पिल्लांची पोटरी, म्हणजे गळ्याखालची पिशवी, चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. मागल्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बुजली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसावी, ओढून काढू नये.

आता आपल्या वैशाखाचा विचार करू. ही व्याख्यानमाला नावाने वासंतिक आहे. परंतु घाटाखालच्या गावांत या दिवसांत पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो. येथे दिवसा दायीची गरजच राहत नाही, उलट पिल्लांना उन्हातून वाचवावे लागते. पत्र्यावर पराट्या किंवा कडबा टाकावा, खिडक्यांना ओले गोणपाट लावावे, पाणी दिवसातून अनेक वेळा बदलावे. हे सारे मला ठाऊक होते, आणि तरीही मी फसलो. ती हकीकत सांगतो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी रोहिणखेडच्या त्याच परसात पन्नास पिल्ले आणली. मे महिना होता. चार दिवस सगळे ठीक चालले. पाचव्या दिवशी उकाडा इतका झाला की मी दिवा काढून ठेवला. रात्री वळिवाची एक सर आली, मग घाटावरून गार झुळूक सुटली. दिवसभर भाजून निघालेल्या मला ती अमृतासारखी वाटली आणि मी अंगणात गाढ झोपलो. सकाळी सतरा पिल्ले भिंतीच्या बाजूला ढीग होऊन मेलेली होती. त्या पहाटे हवेत सत्तावीस-अठ्ठावीस अंश तरी असतील. माणसाला ते सुख होते. पाच दिवसांच्या, अंगावर पिसे नसलेल्या जिवाला ती थंडी होती.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली? ज्याने पिल्ले दिली त्याला मी दूरध्वनीवरून वाटेल ते बोललो. “रोगट माल दिलास” म्हणालो. आणि नंतरचे तीन दिवस मी त्या खुराड्याकडे पाहवत नाही म्हणून फिरकलोच नाही. पाणी घालायचे काम शेजारच्या मुलावर सोपविले. त्या तीन दिवसांत आणखी चार गेली. ती माझ्या दुःखाने मेली, असे मी आज म्हणतो. मेलेल्यांचा शोक करताना मी जिवंतांची शेगडी विझवून बसलो होतो. ज्या घरात पिल्ले मेली त्या घरी त्याच दिवशी उरलेल्यांना सर्वांत जास्त लक्ष लागते, आणि नेमके तेव्हाच हातपाय गळतात. हे मी अनेक घरांतून पाहिले आहे. विशेषतः बायकांच्या बाबतीत, कारण घरातील दुसरी माणसे त्यांच्या नुकसानीला नुकसान समजतच नाहीत. “कोंबडीची पिल्लंच ना!” एवढे बोलून पुरुष बाहेर जातो. बाई चुलीजवळ बसते, आणि पुढच्या खेपेला कोंबडी बसवीतच नाही.

मला पुढे एक सवय लागली, तिचा फार उपयोग झाला. खुराड्याच्या दाराला एक वही टांगली. कोणत्या तारखेला पिल्ले आली, कोणत्या दिवशी किती मेली, त्या रात्री हवा कशी होती, एवढेच लिहावयाचे. दोनतीन खेपा झाल्या की वही बोलू लागते. पिल्लू कितव्या दिवशी मेले, यावरून ते बहुधा कशाने मेले याचा अर्धा उलगडा होतो. पहिल्या तीनचार दिवसांत, पोट फुगून, बेंबी ओली आणि काळपट दिसत असेल तर बेंबीवाटे जंतू आत शिरले. आईखाली बसविलेली अंडी शेणाने माखलेली होती किंवा उबवणीची जागा घाण होती. आठवड्याच्या आत धडधाकट पिल्ले एका रात्रीत ढीग होऊन मेली तर थंडी किंवा गर्दी, जशी माझी मेली. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पिसे विस्कटून, पंख पाडून, रक्ताळ हगवणीने मरू लागली तर ओल्या अंथरुणाकडे पाहावे. रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की रोग देण्याजोगे होतात. कोरड्या अंथरुणात त्यांचे फारसे चालत नाही. तिच्यावर औषध आहे, पण ते पशुवैद्याला विचारूनच द्यावे. पाण्याचे भांडे विटेवर ठेवून सांडलवंड थांबविली तर औषधाची पाळी पुष्कळदा येत नाही.

पांढऱ्या हगवणीची कथा मात्र वेगळी आहे. अमेरिकेत लिओ रेटगर नावाच्या संशोधकाने १९००च्या सुमारास मेलेल्या पिल्लांतून तिचा जंतू शोधून काढला. पुढे असे दिसून आले की हा जंतू वरवर निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयात लपून असतो आणि अंड्यातूनच पिल्लात उतरतो. तेव्हा पाळणाऱ्याने कितीही ऊब दिली तरी उपयोग नव्हता. दोष आईच्या पोटात होता. मग कोंबड्यांची रक्ततपासणी करून रोग वाहणाऱ्या वेगळ्या काढण्याची पद्धत आली आणि त्या देशात ही हगवण जवळजवळ नाहीशी झाली. हे मी एवढ्यासाठी सांगतो की काही मृत्यू आपल्या हातचे असतात आणि काही आपल्या दारापर्यंत येण्याआधीच ठरलेले असतात. दोन्हींची सरमिसळ केली की माणूस एक तर स्वतःला उगाच खातो, नाही तर माझ्यासारखा दुसऱ्याला शिव्या देतो.

मानमोडी हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पिल्लू मान वाकडी करते, गोल फिरते, हिरवट हगते, आणि दोन दिवसांत गावातील खुराडी ओस पडतात. १९२७च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे हा रोग आढळला म्हणून आपल्या देशात त्याला राणीखेत म्हणतात. तो विषाणूचा आहे, त्याला औषध नाही, लस मात्र आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. पुण्याजवळ औंध येथील सरकारी संस्था या रोगाची लस तयार करीत आली आहे. मग खेड्यात मानमोडी अजून का येते? माझ्या मते कारण साधे आहे. लसीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की तासादोनतासांत संपवावी लागते. एका बाईची पिल्ले बारा. बारांसाठी कोण कुपी फोडणार? उपाय एकच आहे. आळीतील दहा घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवाव्या, म्हणजे पिल्ले एका वयाची होतील आणि एकाच सकाळी एकाच कुपीत सर्वांचे काम होईल. रोहिणखेडला आम्ही हे एकदा जमविले. सोपे नव्हते. कोंबड्या एका वेळी खुडूक होत नाहीत आणि बायांचे एकमत त्याहून दुर्मिळ. तरी जमले.

कोणाच्याच हातात नसलेले नुकसानही असते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला आणि तेथील लाखो कोंबड्या सरकारला माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत तो निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावी तो आढळला. आणि २०२० च्या मार्चमध्ये तर रोगही नव्हता. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली, भाव कोसळले, आणि बेळगाव जिल्ह्यात एका पाळणाऱ्याने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात लोटल्याची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. अशा वेळी वहीत पाहून काही सापडत नाही. एवढेच करता येते: एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने हात लावू नये, विकू नये, नाल्यात टाकू नये आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लपविल्याने शेजारणीचीही खुराडी जातात. एरवीसुद्धा मेलेले पिल्लू उकिरड्यावर फेकू नये, खोल पुरून वर चुना टाकावा.

चांगल्या हातातही शंभरांतील तीनचार पिल्ले जातात, हे धंद्यात धरूनच चालतात. एखादे जन्मतःच दुबळे असते. त्याला वेगळ्या टोपलीत उबेला ठेवून दिवसभर पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते पीत नसेल, उभे राहत नसेल, तर ते वाचण्याची आशा थोडी असते. घरातील मुलांना ते सांगून टाकावे. मुले समजतात. मी समजलो होतो.

आणि घरी खुडूक कोंबडी असेल तर दिवा, कडे यांची अर्धी यातायात वाचते. विकतची पिल्ले दिवसा तिच्यापुढे टाकली तर ती चोची मारील. रात्री अंधारात, तिच्याखालची अंडी काढून घेऊन, एकेक पिल्लू हलकेच पंखाखाली सरकवावे. पिल्ले दोनतीन दिवसांपेक्षा मोठी नसावीत आणि दहाबारांपेक्षा जास्त नसावीत. सकाळी ती त्यांना आपलीच समजून बाहेर काढते. आजी असेच करीत असे. माझ्या उरलेल्या पिल्लांपैकी दहा मी एका शेजारणीच्या कोंबडीखाली अशीच घातली, आणि ती सारी जगली.

व्याख्यान संपल्यावर मी अर्धा तास येथेच थांबणार आहे. ज्यांच्या घरी या हंगामात पिल्ले मेली असतील त्यांनी जरूर यावे. फक्त येण्यापूर्वी ती मेली तेव्हा किती दिवसांची होती, एवढे आठवून ठेवावे.